गाणं स्टेजवर नेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही गाणी ऐकली, दुसरं तर पुन्हापुन्हा. दाराच्या कुरकुरण्यातून तू जो ठेका काढलायस, तो डोक्यातून जात नाही. चाल तुझी आहे, शब्द तुझे आहेत, आणि कुणासारखं व्हायची धडपड कुठेच ऐकू येत नाही. म्हणून तुझा प्रश्न मनावर घेतला. लाइव्ह कार्यक्रम केल्याशिवाय नाव होत नाही असं सगळे सांगतात, आणि स्टेजवर गेलं की तुझ्या तीस ट्रॅकच्या, म्हणजे तीस वेगवेगळे आवाज एकावर एक रचलेल्या गाण्याचा नुसता लॅपटॉप आणि एक माइक उरतो. मग करायचं काय?

घाई करू नकोस, एवढं आधी सांगते. आणि केट बुश या ब्रिटिश गायिकेचा प्रवास जरा बारकाईनं बघ.

1978 साली तिचं पहिलं गाणं बाजारात यायचं होतं. कंपनीला 'जेम्स अँड द कोल्ड गन' हवं होतं, रॉकच्या वळणाचं आणि खपायला सोपं. एकोणीस वर्षांची ही मुलगी 'वुदरिंग हाइट्स'वर अडून बसली. मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतः लिहिलेल्या गाण्यानं तिथे पोचलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षाच्या शेवटी दुसरा अल्बमही काढायला लावला आणि तो उरकावा लागल्याची खंत तिला राहिली. पहिलं यश मिळालं की मागणी कशी मानगुटीवर बसते, ते यात दिसतं.

पुढच्या वर्षी ती दौऱ्यावर निघाली. तुझ्यासाठी खरी शिकवण इथे आहे. तिला गाताना नाचायचं होतं. मूकनाट्य आणि नृत्य ती मन लावून शिकली होती. हातात माइक धरला तर एक हात गेला, स्टँडवर ठेवला तर पाय जागीच खिळले. तेव्हा तिच्या साउंड इंजिनिअरनं कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवली, ती डोक्यावर बसेल अशी केली आणि छोटा माइक बरोबर ओठांसमोर आणला. आज हेडसेट कुणीही लावतं. तेव्हा पॉपच्या मंचावर ते नवलच होतं. क्रम लक्षात घे. दोन्ही हात मोकळे हवेत हे आधी ठरलं, तार मागून वाकली. आपल्याकडची बहुतेक मुलं आधी यंत्रं विकत घेतात आणि मग त्यांना काम शोधत बसतात.

त्याच दौऱ्याच्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या पूल नावाच्या गावातल्या प्रयोगानंतर, प्रकाशयोजनेतला एक तरुण सहकारी थिएटरमध्येच पडून दगावला. मे महिन्यात त्याच्या कुटुंबासाठी लंडनला वेगळा कार्यक्रम झाला. स्टेज कितीही लहान असलं तरी दिवे घालवून एकदा त्यावर चालून बघत जा, आणि वायरी ओढणाऱ्या माणसांची नावं पाठ असू देत.

यानंतर पस्तीस वर्षं तिनं स्वतंत्र कार्यक्रम असा केला नाही. अधूनमधून एखाद-दुसरं गाणं, बस्स. पण काम थांबलं नाही. फेअरलाइट नावाचा सॅम्पलर, म्हणजे कुठलाही आवाज साठवून सुरात वाजवणारं यंत्र, नवा आला, तर 1980 च्या 'बाबुश्का'साठी काचा फोडून तो आवाज तिनं त्यात भरला. 1982 चा अल्बम सर्वस्वी स्वतःच्या हातानं घडवला, तो अपेक्षेइतका खपला नाही. मग तिनं घरच्या शेतावरच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. भाड्याच्या स्टुडिओत मीटर पळत असतो. घरात तसं नाही, तिथे एकाच अंतऱ्यावर आठवडा घालवता येतो. 1985 चा 'हाउंड्स ऑफ लव्ह' तिथूनच आला. कार्यक्रम न करताही संगीतकार वाढत राहतो, आणि हे तुला निःशंकपणे सांगणारं कुणीतरी हवं.

त्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला एक सलग कथा आहे: रात्री समुद्रात एकटीच तरंगत राहिलेली बाई. ती रंगमंचावर यायला 2014 उजाडलं. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये बावीस रात्री, 1979 मध्ये ती जिथे गायली होती त्याच थिएटरात. पडद्यावरच्या दृश्यासाठी ती लाइफ जॅकेट घालून पाण्याच्या टाकीत तासन्‌तास राहिली आणि तिथेच गायली, गळ्यात ती थंडी खरी उतरावी म्हणून. अंगातलं तापमान उतरून आजारीही पडली. तू असलं काही करू नकोस! पण तुझ्या गाण्यातला आवाज कुठून येतोय, तो माणूस उभा आहे की आडवा, दमलाय की नुकता उठलाय, हे तालमीआधी स्वतःला विचार.

त्या बावीस रात्रींत पहिल्या चार अल्बमांमधलं एकही गाणं नव्हतं. 'वुदरिंग हाइट्स'सुद्धा नाही. प्रेक्षकांना तिनं फोन आणि कॅमेरे बाहेर काढू नका अशी आधीच विनंती केली होती. मला यातलं गाळणं फार मोलाचं वाटतं. लोकांना काय ओळखीचं आहे यापेक्षा ही संध्याकाळ एकसंध कशी राहील, याला तिनं वजन दिलं.

आता तुझं. तीस ट्रॅक सगळे स्टेजवर वाजायलाच हवेत, असं कुणी सांगितलंय? कोणते तीन-चार आवाज माणसाच्या हातानं किंवा गळ्यानंच व्हायला हवेत, ते निवड. बाकीचे मशीनवर राहू देत, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या गाण्यात तर मला वाटतं, दारच आण. बिजागरीसकट एक छोटी चौकट, तिला चिकटवून लाकडाची थरथर टिपणारा काँटॅक्ट माइक, आणि ती उघडझाप करायला तू. लॅपटॉप मागे ठेव. लोकांना आवाज कुठून निघतोय ते दिसलं की ते कान देऊन ऐकतात.

तिसरं गाणं मात्र एवढ्यात स्टेजवर नेऊ नकोस. त्याचा शेवट अजून सापडायचाय. पहिल्या दोन गाण्यांची यादी करून पाठव: कोणता आवाज कोण काढणार, कुठे उभं राहून. आणि बिजागरीला तेल घालू नकोस.