हेर वासुदेव होऊनच का येतो?

चि. ऊर्वीस, अनेक आशीर्वाद.

जत्रेच्या नाटकात तुला बहिर्जी नाईकांचं काम मिळालं हे कळल्यापासून इथे लिस्बनमध्ये भेटेल त्याला मी ते सांगत सुटले आहे. तुझा प्रश्न मात्र तितक्याच जोराने मनात घोळतोय. तू विचारलंस, "आई, आपल्या नाटकांत हेर नेहमी वासुदेव नाहीतर फकीर होऊनच का येतो? आणि वर गाणं म्हणत येतो! हेराने गुपचूप यायला नको का?" फोनवर दोन वाक्यांत आटपण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गुपचूप येणाऱ्यावर आधी कुत्री भुंकतात. भिंत चढताना कुणी दिसला की गाव गोळा होतं. वासुदेवाचं तसं नाही. डोक्यावर मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या, असा तो भल्या पहाटे गात गात येतो आणि घरची बाई आपण होऊन सूप घेऊन दारात जाते. "दान पावलं" म्हणत तो एकेका देवाचं नाव घेतो, तोवर त्याला अंगणात हवा तितका वेळ उभं राहता येतं. गोठ्यात घोडी किती, ओसरीवर परकी माणसं कोण, सगळं डोळ्यांखालून जातं. तू कुठला, कशाला आलास, असं त्याला कोण विचारणार? गाणं हाच त्याचा परवाना.

आपल्याकडे ही युक्ती फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेर म्हणून कुणाला नेमावं हे सांगताना नट, नर्तक, गाणारे, वाजवणारे यांची नावं स्पष्ट येतात. पण तुला खरी मजा येईल ती विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात. त्यात चाणक्याचा निपुणक नावाचा हेर आहे. तो यमाची चित्रं काढलेला पट घेऊन घरोघर फिरतो, पट पसरतो आणि गाणी म्हणतो. असाच तो चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरात शिरतो. पट पसरून गाणं सुरू होतं, तेवढ्यात पाचेक वर्षांचा एक मुलगा कुतूहलाने आतून बाहेर धावतो. आत बायकांची एकच घाबरगुंडी उडते. एक बाई हात पुढे करून पोराला आत ओढते आणि त्या झटापटीत तिच्या बोटातली अंगठी निसटते. अंगठी पुरुषाच्या मापाची, म्हणून सैल. ती घरंगळत उंबऱ्याशी, थेट निपुणकाच्या पायाशी येऊन थांबते. त्या अंगठीवर चाणक्याचा प्रतिस्पर्धी अमात्य राक्षस याची मुद्रा असते. राक्षसाची बायकामुलं कुणाकडे लपली आहेत ते तेवढ्यावरून कळतं आणि पुढचा सगळा डाव त्या अंगठीवर उभा राहतो.

निपुणकाने काय केलं बघ. गाणं म्हटलं, बस्स. कुलूप तोडलं नाही की कुणाला धमकावलं नाही. याच नाटकात राक्षसाचाही एक हेर गारुडी होऊन, सापांच्या पेट्या घेऊन येतो. दोन्ही बाजूंचे हेर कलावंतच! मला वाटतं, नाटक लिहिणाऱ्याला हेर इतका जवळचा वाटतो तो यामुळेच. अंगावर वेश चढवायचा, दुसऱ्याची भाषा बोलायची आणि पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही, हे नटाचंही काम आणि हेराचंही. फरक एवढाच की नटाचं चुकलं तर एक प्रवेश पडतो, हेराचं चुकलं तर जीव जातो.

आता तुझे बहिर्जी. बखरीत त्यांचं नाव येतं, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीशी ते जोडलेलं आहे. पण कागदावर त्यांच्याबद्दल मिळतं ते अगदी थोडं. जो हेर उत्तम, तो मागे कागद ठेवतच नाही. त्यांनी कुठे कुठलं सोंग घेतलं, कुणाच्या दरबारात काय बोलले, हे बरंचसं लोकांनी आणि नाटककारांनी नंतर मनाने भरलेलं आहे. ते खुशाल करावं, रंगभूमीचा तो हक्कच आहे. फक्त तू काम करताना इतिहास कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते हे तुला ठाऊक असू दे.

दादा सांगत होता ती मुरगाव बंदराची गोष्ट खरी आहे. मार्च १९४३ मध्ये तटस्थ गोव्यात नांगरलेल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांनी रात्री छापा घातला होता. पुढे त्यावर इंग्रजी सिनेमाही निघाला. पण आपल्या गावापुरतं बोलायचं तर मला त्याहून मोठी वाटते ती मोहन रानड्यांची गोष्ट. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. पोर्तुगीज अमलात ते नाव बदलून आपल्याच सावईवेऱ्याला मराठीचे मास्तर म्हणून आले. ते हेर नव्हते, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे क्रांतिकारक होते. पण एका अंगावर दोन आयुष्यं त्यांनीही वागवली. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा मुक्त झाला १९६१ ला आणि त्यांची सुटका झाली १९६९ ला. मधली कितीतरी वर्षं ते इथे पोर्तुगालमध्ये कैदेत होते. लिस्बनहून कश्काइशच्या लोकलने निघालं की डाव्या हाताला तेजू नदीचं रुंद मुख दिसत राहतं आणि वाटेत काशियश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्याच किल्ल्यात त्यांना ठेवलं होतं. डब्यातली माणसं मोबाइल बघत असतात. मला मात्र दर वेळी तुमची शाळा आठवते.

आणि हेराने गावं की नाही, याचं एक उत्तर मला याच शहरात मिळालं. इथे सालाझार या हुकूमशहाच्या राजवटीत 'पीड' नावाचे गुप्त पोलीस होते, गोव्यातही होते. लोकांची पत्रं फोडायची, खबरे पेरायचे, शंका आली की उचलून न्यायचं. ती राजवट उलथली २५ एप्रिल १९७४ ला. सैनिकांनी बराकींतून बाहेर पडावं यासाठी ठरलेली खूण काय होती, सांगू? रेडिओवर लागलेलं एक गाणं! मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात 'ग्रांदोला, विला मोरेना' लागलं. सगळ्या देशाने ते ऐकलं, पण त्याचा अर्थ कळायचा होता त्यांनाच कळला. गुप्त पोलिसांनाही ते ऐकू आलं असेलच, पण ऐकू येऊन त्यांना काय उपयोग? वासुदेवाच्या गाण्याचंही हेच आहे. सगळ्यांसमोर, मोठ्याने, आणि तरीही गुपित.

म्हणून तुझ्या कामाबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्या जत्रेच्या नाटकात हेर करणारे पुष्कळदा प्रेक्षकांकडे बघून भुवया उडवतात, मिशीवर ताव देतात, म्हणजे 'मी हेर आहे बरं का!' टाळ्या पडतात, पण समोर बसलेला किल्लेदार मग आंधळाच असायला हवा. तू तसं करू नकोस. तू आधी वासुदेव हो. चिपळ्या तालात वाजू देत, दान घेताना नजर सुपाकडे असू दे, देवांची नावं पाठ असू देत. बहिर्जी दाखवायचा तो फक्त एका जागी, किल्लेदार पाठ फिरवतो तेव्हा, आणि तोही डोळ्यांनी. प्रेक्षकांना तेवढं पुरतं.

नाटक रात्री उशिरापर्यंत चालतं, तेव्हा वेळ वाचवायला ते गाणं एका कडव्यावर उरकतील अशी मला भीती आहे. काकांना माझं नाव सांगून विचार, दोन कडवी तरी म्हणू द्याल का म्हणावं. पहिल्या कडव्यात किल्लेदाराला संशय असतो, दुसऱ्यात तो निवळतो, मगच दिंडी दरवाजा उघडायला अर्थ आहे. आजोबांकडे चिपळ्यांचा जुना जोड आहे, तो मागून घे आणि आजपासूनच हातात धर. तालमीचा व्हिडिओ काढून पाठव. मी बघून लगेच कळवते.

तुझी,
आई