बी उबेत, रोप उजेडात

प्रश्न : आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी उत्तरेकडे आहे. उन्हाळी मिरचीसाठी डिसेंबरअखेर ट्रेमध्ये कोकोपीट भरून ४० बिया टाकल्या. थंडी लागू नये म्हणून ट्रे फ्रिजवर ठेवला. १८ दिवसांनी जेमतेम ११ उगवल्या, त्याही सुतासारख्या बारीक, पांढुरक्या. चार रोपं तर बुडाशी मोडून आडवी झाली. खत कमी पडलं का? आता काय घालू?
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, खत अजिबात घालू नका. एवढ्याशा रोपाची शिदोरी बियातच असते. तुमच्या बियांना ऊब कमी पडली आणि उगवलेल्या रोपांना उजेड.

माझं सासर निफाड तालुक्यातलं. तिथे थंडी अशी पडते, की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. सासूबाई त्या दिवसांत मिरचीचा गादीवाफा टाकायच्या आणि ऊब धरायला वर गव्हाचं काड पसरायच्या. आठवडा झाला की रोज सकाळी एका कोपऱ्यातलं काड उचलून बघायच्या. कोंबांच्या वाकलेल्या माना वर आलेल्या दिसल्या, की त्याच दिवशी ऊन उतरल्यावर सगळं काड काढून टाकायच्या. एका वर्षी त्या गावाला गेल्या होत्या. मी थंडीच्या काळजीपोटी काड आणखी तीन दिवस राहू दिलं. अख्खा वाफा पिवळा पडला, रोपं बोटभर लांब होऊन लोळली. तुमच्या ट्रेत तेच झालंय.

मिरचीच्या बीला उगवायला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. १५ अंशांच्या आसपास ते नुसतं पडून राहतं, नाहीतर तीन-तीन आठवडे घेतं. टोमॅटो त्या मानाने सोशिक. फ्रिजचं म्हणाल, तर नव्या फ्रिजचा माथा फारसा तापत नाही, हात ठेवून बघा. त्यापेक्षा मटकीला मोड आणतो तसं करा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डबीत घाला आणि ती डबी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. रात्री शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवायची, डबीला चिकटवून नाही. उगवेपर्यंत मिरचीला उजेड लागत नाही, त्यामुळे झाकण खुशाल बंद ठेवा. फडकं रोज उघडून बघा. पांढरं टोक डोकावलं की लगेच ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल लावा. मोड लांबू दिला तर लावताना तुटतो.

कोंब वर आला की मात्र त्याच दिवसापासून भरपूर उजेड हवा. आता ऊब थोडी कमी झाली तरी चालते. उबेत आणि अंधारात रोप उजेड शोधत नुसतं उंच होत जातं आणि बियातली शिदोरी त्यातच संपते. तुमच्या गॅलरीत या दिवसांत ऊन येणारच नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेची खिडकी असेल, मग ती झोपायच्या खोलीची का असेना, ट्रे तिथे काचेलगत ठेवा.

तशी खिडकी नसेल तर चार फुटी, २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब घ्या. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. मांडणीच्या वरच्या फळीला ट्यूब सुतळीने अशी टांगा, की ती शेंड्यांपासून चार ते सहा इंचांवर राहील. रोप वाढेल तशी वर घ्या. छताची ट्यूब कामाची नाही. तिच्या उजेडात आपण पेपर वाचतो, म्हणून खोलीत लख्ख आहे असं वाटतं, पण रोपाला तो उजेड फार तोकडा. रोज १४ तास लावा, रात्री बंद ठेवा. दिवसाला पाव युनिटच्या किंचित वर, म्हणजे महिन्याला आठ-नऊ युनिटं वीज लागेल.

बुडाशी मोडलेली चार रोपं बुरशीने कोलमडली आहेत. गार आणि चिंब कोकोपीटमध्ये ती बुरशी फोफावते. त्या कप्प्यांतलं कोकोपीट रोपांसकट टाकून द्या. पुढे ट्रे पाण्यात टेकवून खालून पाणी द्या आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. उरलेल्या सात रोपांना आजच उजेडात आणा, पण त्यांच्यावर विसंबू नका. जानेवारी अजून हातात आहे, नवं बी भिजत घाला.

प्रश्न : ट्यूबखाली वाढवलेली टोमॅटोची रोपं फेब्रुवारीत गच्चीवर ठेवली. दोन दिवसांत पानांवर पांढरे डाग पडले. कोणती फवारणी करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फवारणी नको. हा रोग नाही, पानं उन्हाने भाजली आहेत. ट्यूबखालच्या कोवळ्या पानांना गच्चीवरचं ऊन एकदम सोसत नाही. रोपं आज सावलीत आणा. उद्यापासून सकाळचं कोवळं ऊन एक तास दाखवा, रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण उन्हात ठेवा. शेंडा हिरवा असेल तर रोप वाचेल. डागाळलेली पानं इतक्यात खुडू नका. त्यांचा जेवढा भाग हिरवा आहे, तेवढा नवी पानं येईपर्यंत रोपाला पोसतो.