कुंपणाबाहेरून विमान टिपताना

प्रश्न : ताई, आमचं रान मुडशिंगीच्या बाजूला आहे, कोल्हापूर विमानतळाच्या जवळच. थोरली लेक नववीला आहे, तिला विमानाचं लई वेड, उसाला पाणी पाजायला आली तरी मान वरच. आवाजावरनं सांगते की पंख्याचं आलं का जेटचं. आता तिला फोटो काढायचेत, मोबाईलवर नुसता ठिपका येतो म्हणून कॅमेरा मागतीय. घरातले म्हणतात विमानतळाजवळ कॅमेरा घेऊन उभी राहिली तर पोलीस धरून नेतील, शिवाय मुलीला हे खूळ कशाला. काय करू?
– एक वडील, करवीर तालुका

उत्तर : दादा, आधी तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण आवाजावरून इंजिन ओळखायला मन लावून ऐकावं लागतं आणि तिनं ते कुणी न शिकवता केलंय. हे खूळ नाहीये, जगभर लोक वर्षानुवर्षं हा छंद जपतात, त्याला प्लेन स्पॉटिंग म्हणतात, आणि मुलींनी करू नये असं त्यात काहीही नाही.

आता पोलिसांचं. भीती अगदीच खोटी नाही. १९३७ च्या विमान नियमांमधला १३ वा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही, म्हणजे हद्दीच्या आत कॅमेरा बाहेर काढायचाच नाही असं धरून चाला. बाहेर, आपल्या रानात उभं राहून आभाळातल्या विमानाचा फोटो काढणं वेगळं, पण सिक्युरिटीवाल्यांनी येऊन विचारलं तर तो त्यांच्या कामाचा भाग आहे. २००१ मध्ये ग्रीसमधे कालामाता इथल्या लष्करी तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच स्पॉटर्सना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं होतं, शिक्षा पण झाली आणि पुढच्या वर्षी अपिलात सुटले, तेवढ्यात त्यांच्या घरच्यांचं काय झालं असेल बघा. म्हणून तुम्ही स्वतः एक साधा अर्ज लिहा, विमानतळ संचालकांच्या नावानं, एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात, की माझी मुलगी अमुक गटातल्या आमच्याच रानातून विमानांचे फोटो काढणार आहे, सोबत मी असेन. पोच घ्या आणि ती कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. मला सुरुवातीला एका विमानतळाबाहेर गार्डनं हटकलं होतं, मी घाबरून कॅमेरा लपवला आणि तीच चूक झाली, अर्धा तास उभं केलं. दुसऱ्या वेळी मीच आधी जाऊन नमस्कार केला, फोटो दाखवले, तर ते मलाच विचारायला लागले की हे विमान कुठलं ओ. कुंपणाचे, गेटचे, टॉवरचे फोटो मात्र नाही म्हणजे नाही. आणि ड्रोन तर लांबच ठेवा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कॅमेऱ्याचा हिशोब सांगते. एटीआर ७२, म्हणजे आपल्याकडं येणारं पंख्याचं विमान, त्याची लांबी २७ मीटर. ते ३०० मीटरवरून फ्रेमभर हवं असेल तर साध्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला साधारण २५० ते २६० एमएमची लेन्स लागते, म्हणजे जुनी सेकंडहँड बॉडी (म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) आणि ७०-३०० एमएमची लेन्स एवढ्यात तिचं काम होतंय, दुकानदार मोठी पांढरी लेन्स दाखवेल तिकडं बघूच नका. फोकस कंटिन्युअसवर (म्हणजे विमान सरकलं तरी फोकस त्याच्या मागं राहतो), जेट असेल तर शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान, आणि आभाळ उजळ असताना विमानाचं पोट काळं पडतं म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवून ठेवायचं.

पण खरी गंमत कुठं आणि कधी उभं राहायचं यात आहे आणि तुमच्याकडं स्वतःचं रान आहे, शहरातल्या मुलांना हे सुख नाही. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. कोल्हापूरचा रनवे ढोबळमानानं पूर्व-पश्चिम आहे, पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा विमान पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरणार, म्हणजे संध्याकाळचं ऊन थेट नाकावर आणि कॉकपिटच्या काचांवर. वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला असतो त्यामुळे रनवेच्या दक्षिणेला उभं राहिलं की ऊन आपल्या पाठीवर येतं, मे-जूनच्या संध्याकाळी मात्र उलटं, तेव्हा उत्तरेची बाजू बरी. एप्रिल-मेमधे सकाळी अकरानंतर चार वाजेपर्यंत कॅमेरा बॅगेतच राहू दे, तापलेल्या जमिनीवरची हवा लाटा मारते आणि विमानावरची अक्षरं पाण्यात बघितल्यासारखी हलतात, लाखाची लेन्स लावली तरी ते जात नाही. सगळ्यात चांगले दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे, सर येऊन गेल्यावर हवा धुतल्यासारखी होते.

आणि एक वही द्या तिला. तारीख, वेळ, वारा, विमानाचा प्रकार आणि मागच्या बाजूला लिहिलेला नंबर. भारतातल्या विमानांचा नंबर व्हीटी नं सुरू होतो, नेपाळचा ९एन, श्रीलंकेचा ४आर. मुंबईत जरीमरीला उभं राहिलं की एकामागोमाग एक इतकी विमानं येतात की एकही लक्षात राहत नाही, आणि आपल्याकडं मोजकीच येतात, इंडिगोचं एटीआर आणि स्टार एअरचं एम्ब्रेयर जेट (स्टार एअर तर आपल्याच जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची), त्यामुळे तीच तीच विमानं परत परत भेटतात आणि ओळखीची होतात, मला छोट्या विमानतळाचं हे फार आवडतं. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेल्या विमानतळाची रोजची नोंद एक शाळकरी मुलगी ठेवतीय, मला विचाराल तर ती वही फोटोंपेक्षा मोलाची आहे.

एक राहिलंच, रानात डबा खाल्ला तर उरलेलं तिथं टाकू नका. खरकटं आलं की घारी-कावळे आले, आणि उतरत्या विमानाच्या इंजिनात पक्षी जाणं फार वाईट.

प्रश्न : मी पुण्यात लोहगावजवळ राहतो, आमच्या गच्चीवरून सुखोई अगदी डोक्यावरून जातात. मस्त फोटो मिळतात, इन्स्टावर टाकले तर चालतील ना?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नको रे बाबा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं तिथं पाहुणी आहेत. गोव्यात दाबोळीचंही तसंच, तो नौदलाचा आयएनएस हंसा. कुठलं लढाऊ विमान किती वाजता कुठल्या दिशेनं गेलं हे फोटोसोबत आपोआप जगाला कळतं, लोकेशन बंद केलं तरी मागच्या बिल्डिंगवरून जागा ओळखता येते. डोळे भरून बघ. आणि हवाई दलाच्या विमानांचे फोटो हवेच असतील तर बंगळुरूला येलहंकात दर दोन वर्षांनी एअरो इंडिया भरतं, तिथं रीतसर तिकीट काढून जा.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला टेकऑफ घेणाऱ्या एटीआरचा फोटो काढला, शटर १/२००० सेकंदाला ठेवून, एकदम शार्प आलाय पण ग्रुपवर सगळे म्हणतात इंजिन बंद पडल्यासारखं दिसतंय. पंखा फिरताना कसा दाखवायचा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बरोबर म्हणतायत ते. एटीआरच्या पंख्याला सहा पाती, म्हणजे दोन पात्यांमधे ६० अंश. टेकऑफला पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. आता बघा, १/२००० सेकंदात तो फक्त साडेतीन अंशांच्या आसपास सरकतो म्हणून पातं जागच्या जागी थिजलेलं दिसतं. १/२५० ला २९ अंश सरकतो, निम्मी चकती दिसते. १/१२५ ला जवळजवळ ५८ अंश, म्हणजे एका पात्याची जागा दुसऱ्यानं घेतली आणि पूर्ण गोल चकती मिळाली. पण १/१२५ ला विमानासोबत कॅमेरा फिरवताना हात जरा जरी अडखळला तरी सगळं विमानच पुसट होतं. म्हणून आधी हायवेला सुरक्षित जागी उभं राहून एसटीवर सराव करा, कंबरेतून वळायचं, कोपर अंगाला चिकटवून, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. १/३२० पासून सुरुवात करा आणि हळूहळू खाली या, दहातला एक चांगला आला तरी भरपूर समजा.

आणि उभ्या एटीआरचा उजवा पंखा थांबलेला पण इंजिनचा आवाज येतोय असं दिसलं तर गोंधळू नका, त्याला हॉटेल मोड म्हणतात, पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवतात म्हणजे आत वीज आणि एसी मिळतो. तो फोटो बिनधास्त १/२००० ला काढा.