पाचशेची यादी आणि सुंगटांचा डबा

‘माई, नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांचा, वेंगुर्ल्यात बालवाडीच्या लहान गटात जातो. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंना भेट द्यायची म्हणून आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं, प्रत्येकीने 500 रुपये काढायचे आणि पैठणी घ्यायची. वर्गात 28 मुलं. जी पैसे भरते तिच्या नावापुढे हिरवी खूण होते. आजपर्यंत 19 खुणा झाल्या, त्यात मी नाही. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जातो. या महिन्यात वाऱ्यामुळे होडी आठ दिवस बंदरातच होती. पाचशे निघणारच नाहीत असं नाही, पण ते काढले तर लेकाचे दिवाळीचे कपडे राहतात. सासूबाई म्हणतात, “सुकी सुंगटां दी गो बाईंका, पैठणी कित्याक होयी?” सुंगटं म्हणजे कोळंबी, मला त्या वासाच्या डब्याची लाज वाटते. बाई फार चांगल्या आहेत. जूनमध्ये लेकाची चड्डी रोज ओली व्हायची, तर कधी कुणासमोर बोलल्या नाहीत, गुपचूप बदलून पाठवायच्या. काहीच न देणं जिवावर येतं. काय करू?’

बाय, तुझ्या पत्रातल्या त्या हिरव्या खुणांवरच मी अडखळले. 26 वर्षं मी बालवाडीत शिकवलं. भेटी घेण्याच्या बाजूला मी उभी होते, तेव्हा तिथून काय दिसतं ते आधी सांगते.

एका वर्षी दिवाळीला मला चांदीचा करंडा मिळाला, आणि त्याच्यासोबत गुलाबी कागदावर सगळ्या पालकांची नावं. सगळ्या म्हणजे दोन सोडून. देणाऱ्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हौसेने लिहिलं होतं. पण त्या दोघींपैकी एक रोज पोरीला दारापर्यंत आणून सोडायची, ती सुट्टीनंतर फाटकाशी बदामाच्या झाडाखाली थांबू लागली. पोरगी एकटी चालत यायची. मी दोन-तीनदा हाक मारली, तर “घाईत आहे बाई” म्हणाली. मार्चपर्यंत ती घाईतच होती. करंडा अजून कपाटात आहे. उघडला की मला बदामाचं झाड दिसतं.

म्हणून यादी नको असं मी म्हणते ते तुझ्या एकटीसाठी नाही, बाईंसाठीही. 28 गुणिले 500 म्हणजे 14,000 रुपये. एवढ्याची पैठणी नेसून त्या वर्गात रंगांच्या वाट्या भरायला बसणार आहेत का? आणि पुढच्या वर्षीच्या आयांनी काय करायचं, नथ घालायची?

ज्या आईने हे सुरू केलं तिला फोन कर. ग्रुपवर लिहू नकोस, तिथे एकीने तोंड उघडलं की दहा जणी अंगठ्याची खूण टाकून तिला दुजोरा देतात आणि ज्यांना तुझ्यासारखंच वाटत असतं त्या गप्प बसतात. तिला एवढंच सांग की खुणा काढून टाकूया, एक पाकीट फिरवूया, जिला जे जमेल ते तिने घालावं, वर नाव फक्त वर्गाचं. तिला पटायची शक्यता बरीच आहे, कारण उरलेल्या नऊ जणींना आठवण कशी करायची या चिंतेत तीही असेल. नाहीच पटलं, तर “मी वेगळं देतेय हां” म्हणायचं आणि विषय सोडून द्यायचा. कारण सांगत बसायचं नाही. होडी बंदरात किती दिवस होती हा ग्रुपचा विषय नाही.

पाकीट म्हटलं की काहींना कसंसंच होतं. मला नाही होत. बालवाडीच्या बाईंना पगार किती असतो ते आपल्याला ठाऊक आहे, आणि अंगणवाडीच्या सेविकेला तर पगार असं म्हणतही नाहीत, मानधन म्हणतात. त्या पैशाचं त्या काय करतील ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तुमच्या शाळेत भेटवस्तू घ्यायच्या नाहीत असा नियम असेल, तर तेवढं मात्र ऑफिसात आधी विचारा.

आता सुंगटं. सासूबाईंचं मला शंभर टक्के पटलं.

भिंतीवरची घड्याळं, काचेचे गणपती, ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले मग यांचा माझ्याकडे कसा ढीग झाला ते सांगत नाही. ब्लाउजपीसचं तर विचारूच नकोस, मी एकीच्या ओटीत घातलेला चार वर्षांनी दुसरीकडून माझ्याच ओटीत परत आला, काठावरच्या शाईच्या डागासकट. पण कुणी नाचणीचं पीठ दिलं, कुणी कोकमाच्या आगळाची बाटली दिली, ते महिन्याभरात पोटात गेलं आणि बाटली धुऊन परत करताना त्या आईशी चार शब्द बोलणं झालं. एकीने कुळथाचं पीठ दिलं होतं, ते इतकं मऊ दळलेलं की पिठी करताना गुठळी म्हणून झाली नाही. नवऱ्याने विचारलं, “हे कुणाकडचं?” करंड्याबद्दल त्याने असं कधी विचारलं नाही.

तुझ्या घरच्या सुंगटांची बाजारात किंमत काय आहे ते तुला माहीत आहे. साफ करून, उन्हात राखण करून वाळवलेली वस्तू. तुझी लाज वासाची आहे, तर त्यावर उपाय आहे. आधी बाई मासे खातात का ते काढून घे. आपल्याकडे पहिल्या भेटीतलं तिसरं वाक्य तेच असतं, त्यामुळे विचारायला चोरी नाही. दुसरं, दिवाळीआधी देऊ नकोस. त्या आठवड्यात त्यांच्याकडे 28 घरांतला चिवडा आणि शंकरपाळे येऊन पडणार, शिवाय चावदिसाचे, म्हणजे नरकचतुर्दशीचे, पोहे घरोघरचे. सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा गोडाने जीभ विटलेली असते, त्या वेळी सुक्या सुंगटांच्या किसमुरीला, म्हणजे ओलं खोबरं घातलेल्या कोशिंबिरीला, जी किंमत आहे ती पाडव्याला नाही. काहींचं कार्तिकात, तुळशीच्या लग्नापर्यंत मासे बंद असतात, तेही विचारून घे. तव्यावर कोरडी भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भर आणि डबा पिशवीत बांध. भाजलेली असली की बाईंचं कामही वाचतं.

त्या मासे खात नसतील तर काय? तर मला एक वेगळंच सुचतं, आणि खरं म्हणजे हे मला सुंगटांहूनही आवडतं. आपल्याच किनाऱ्यावर, पार वर डहाणूजवळच्या बोर्डीला, ताराबाई मोडकांनी 1945 साली बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. गरीब वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज आपण सर्रास म्हणतो तो अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच मुलं मोजायला आणि जुळवायला शिकली. बालवाडीच्या बाईंना हे सामान नेहमी कमी पडतं, आणि पुष्कळदा त्या ते स्वतःच्या सुट्टीत गोळा करतात.

तर एका संध्याकाळी लेकाला सागरेश्वरच्या किनाऱ्यावर घेऊन जा. शिंपले वेच, पण मोठे, पोराच्या तोंडात मावणार नाहीत असे. बारीक शिंपला लहान गटात थेट तोंडात जातो. धारदार कडांचे टाकून दे, उरलेले गोड्या पाण्यात दोनदा धुऊन वाळव. सोबत तशाच मोठ्या बियाही चालतील. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी, त्या अजिबात नकोत. कच्च्या काजूबियाही नकोत, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते हे तुला मी सांगायला नको. जुन्या साडीची नाडीची पिशवी शिव, झाली भेट. ती वर्गात राहते, घरी नेऊन फळीवर ठेवावी लागत नाही.

सोबत चिठ्ठी हवी. ‘आदरणीय बाई, आपण ज्ञानाचा सागर’ वगैरे लिहिलंस तर मी रागावेन. लेकाला विचार, बाई काय करतात? तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिही, आणि खाली त्याला हवं ते गिरगटू दे. मग तुझं एक वाक्य, जूनमधल्या चड्डीबद्दल. तू मला लिहिलंस तेवढंच. बाईंना वाटत असतं की हे कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

आणि आता मला खटकलेली एक गोष्ट. चड्डी बाईंनी बदलली असं तू लिहितेस. तू पाहिलंस का? माझ्या वर्गात 26 वर्षांत बहुतेक चड्ड्या आमच्या मावशीने बदलल्या. मी पुढे गाणं म्हणत असायचे, ती मागच्या मोरीत पोराला धुवायची, कोरडं करायची आणि रांगेत आणून बसवायची, शेजारच्याला पत्ता नसायचा. पालकांचे आभार मात्र मला मिळायचे, आणि पहिली काही वर्षं मी ते तिच्यापर्यंत पोचवलेही नाहीत. पैठणीच्या हिशेबात तुमच्या मावशीचं नाव कुठे आहे? तुझ्या पत्रात तर नाही. ते पाकीट करायचं ठरलं, तर दोन करा, दोन्ही सारखी.

लेकाला आज रात्री झोपवताना विचार, चड्डी कोण बदलायचं? तो जिचं नाव घेईल, मोठा डबा तिचा. आणि कुठलाही डबा लेकाच्या दप्तरात ठेवू नकोस, पोळीभाजीला आठवडाभर सुंगटांचा वास येत राहील. तू स्वतः घेऊन जा, दारापर्यंत.