पेनल्टी एकाने घालवली, फायनल सगळ्यांनी मिळून

या वेळी पत्रं काय, मेल काय, निम्म्याहून जास्त एकाच फुटबॉल मॅचवर आलेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १८ ऑक्टोबर २०२५, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, आयएफए शील्ड या कोलकात्यातल्या जुन्या स्पर्धेची फायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची डर्बी. १-१ अशी अडकली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये बागानने ५-४ ने मारली. बागानला शील्ड मिळाली ती २००३ नंतर थेट आत्ता, म्हणजे किती तुंबलेलं होतं बघा.

जय गुप्ता आपल्या पुण्याचा पोरगा. त्याचीच पेनल्टी अडवली गेली आणि ईस्ट बंगाल हरली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून त्याच्या नावाने शंख चालू आहे. खरंच त्याच्यामुळे गेली का मॅच?
(एक वाचक, पुणे)

नाही हो. मॅच परत लावून बघा आणि पहिला हाफ नीट बघा. बागानला आधी चालू मॅचमध्येच पेनल्टी मिळाली होती, जेसन कमिंग्जने ती बारच्या वरून घालवली. समोर फक्त गोलकीपर, भिंत नाही, घाई नाही, आणि बॉल थेट प्रेक्षकात. त्यानंतर थोड्या वेळात ईस्ट बंगालच्या हमीद अहदादने गोल मारला, म्हणजे पेनल्टी वाचली, वर गोलही झाला, अजून काय पाहिजे. अशा वेळी हाफ टाइमपर्यंत दार लावून बसायचं असतं, तर ह्यांनी हाफ संपता संपता बागानच्या अपुइयाला मारायला जागा दिली आणि १-१. फायनल घालवायची जागा कुठली म्हणाल तर माझ्या मते ही, पेनल्टी स्पॉट नाही. त्यानंतर सेकंड हाफ आणि एक्स्ट्रा टाइम धरून सव्वा तास मिळाला, त्यात दोघांनाही एक गोल जमला नाही. सव्वा तास अकरा जणांना जे जमलं नाही ते एका लेफ्ट बॅकच्या एका किकवर ढकलून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय?

आणि गंमत बघा, कमिंग्जने पण पेनल्टी घालवलीच की, पण त्याला कोणी शिव्या देत नाही कारण त्याची टीम जिंकली. शूटआऊटमधली चूक तेवढी लक्षात राहते, कारण सगळा कॅमेरा तिथे असतो. हाफ लाइनवरून एकटंच चालत यायचं, बॉल स्वतः ठेवायचा, अकरा मीटर, समोर बागानचा गोलकीपर विशाल कैथ. आता विशाल कैथ म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको, एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळलेला माणूस आहे. शूटआऊटमध्ये त्याचं चांगलं नाव आहे. लांबलचक हात आणि घाई नाही, तो शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही त्यामुळे मारणारा बिचारा विचारात पडतो. जयचा शॉट त्याने अडवला यात जयची चूक आहेच, नाही कशाला म्हणू, पण कैथचं श्रेय पण आहे ना. तुमच्या ग्रुपवर सांगा की पुण्यातनं पोर्तुगालला एस्टोरिल क्लबमध्ये जाऊन, मग एफसी गोवा, मग ईस्ट बंगाल, असा प्रवास करून डर्बी फायनलमध्ये पेनल्टी मारायला पुढे येणारी पोरं आपल्याकडे मोजून किती आहेत ते आधी मोजा.

एक्स्ट्रा टाइम संपत आला तेव्हा ईस्ट बंगालने चांगला खेळणारा गोलकीपर काढून दुसरा आणला. आमच्याकडे असं केलं असतं तर पेठेत राहायला दिलं नसतं. नियमात बसतं का हे?
(एक वाचक, कोल्हापूर)

नियमात बसतं, शंभर टक्के. सब म्हणजे बदली खेळाडू आणायची संधी शिल्लक असेल तर शूटआऊट सुरू व्हायच्या आधी कोणालाही बदला, गोलकीपरला पण. एकदा शूटआऊट सुरू झालं की मग नाही, मग गोलकीपरला लागलं वगैरे असेल तरच बदलता येतो.

आता शहाणपणात बसतं का, तो वेगळा प्रश्न. प्रभसुखन गिल पूर्ण मॅच खेळला होता, त्याला काढून देबजित मजुमदारला आणलं, आणि बागानचे पाचही गोल झाले. मग काय, कोच ऑस्कर ब्रुझोन आणि गोलकीपिंग कोच संदीप नंदी यांच्यात जाहीर वाजलं आणि नंदी टीम सोडून निघून गेले. फायनल हरली ती हरली, वर घरातलं भांडण चव्हाट्यावर.

हा जुगार आहे, बाकी काही नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन गालने कोस्टा रिकासमोर अगदी शेवटी गोलकीपर टिम क्रुलला आणलं, त्याने दोन पेनल्टी अडवल्या, तेव्हापासून प्रत्येक कोचला वाटतं आपण पण व्हॅन गाल. पण २०२२ ची इंग्लंडची लीग कप फायनल आठवा, चेल्सी-लिव्हरपूल, ०-०. चेल्सीने मस्त खेळत असलेल्या गोलकीपर मेंडीला काढून पेनल्टीसाठी केपाला आणलं. लिव्हरपूलच्या अकराच्या अकरा जणांनी गोल मारले, त्यांच्या गोलकीपरने सुद्धा, आणि मग केपाची स्वतःची पेनल्टी बारवरून गेली, ११-१०. हाच केपा २०१९ च्या लीग कप फायनलमध्ये, मँचेस्टर सिटीसमोर, कोच बाहेर बोलावत होता तरी मैदान सोडायला तयार नव्हता! म्हणजे एकदा बाहेर जाईना म्हणून हरले आणि एकदा आत आणला म्हणून हरले.

माझं मत विचाराल तर मी गिललाच ठेवलं असतं. दोन तास गोलमध्ये उभा असलेला माणूस गरम असतो, बॉलचा वेग, ग्राउंड, समोरचे कोण कसे मारतात ते त्याला अंगावर कळलेलं असतं. बेंचवरून उठून थंड हातांनी डर्बी फायनलच्या शूटआऊटला उभं राहायचं म्हणजे, पाटाकडील-शिवाजी मॅचला शाहू स्टेडियमवर शेवटच्या मिनिटाला आत टाकल्यासारखं, तुम्हाला मी काय सांगू.

वडील सांगतात की मुंबईत कूपरेजला रोव्हर्स कपची फायनल मोहन बागान-ईस्ट बंगाल झाली होती आणि कप दोघांना दिला. मी म्हणतो असं होऊच शकत नाही. पैज लागली आहे.
(एक वाचक, डोंबिवली)

पैज हरलात, वडिलांना पार्टी द्या. १९७२ चा रोव्हर्स कप बागान आणि ईस्ट बंगाल दोघांच्या नावावर आहे, संयुक्त विजेते. आणि हे एकदाच नाही झालेलं. १९७८ चा फेडरेशन कप, तोही दोघांचा. १९८० चा फेडरेशन कप, तोही दोघांचा, आणि तो तर कोलकात्यातच, ईडन गार्डन्सवर.

तुमच्या पिढीला विचित्र वाटणार कारण तुम्ही मॅचनंतर पेनल्टी असतेच असं धरून चालता. तेव्हा शूटआऊट नवीन होतं, सगळीकडे रुळलेलं नव्हतं, बरोबरी झाली की रिप्ले खेळायचे, आणि तेही जमत नसेल तर कप वाटून घ्यायचे. आज असं केलं तर टीव्हीवाले रडतील, पण मला वाटतं डर्बीपुरतं ते बरं होतं, निदान एका पोराच्या नावाने शंख तरी झाला नसता.

बाकी रोव्हर्स कप म्हणजे १८९१ पासूनची मुंबईची स्पर्धा, ती २०००-०१ नंतर बंदच पडली. शेवटचा कप बागानने नेला. फुटबॉलप्रेमी शहर म्हणवून घेतो आपण आणि शंभर वर्षांचा कप गेला तरी कोणाला काही वाटलं नाही, असो, यावर लिहायला बसलो तर पानं पुरणार नाहीत.

ईस्ट बंगालने डर्बी फायनल ५-० ने जिंकली होती असं वाचलं. खरं आहे की फेकाफेकी?
(एक वाचक, नागपूर)

खरं आहे. ३० सप्टेंबर १९७५, हीच आयएफए शील्ड, फायनल. सुरजित सेनगुप्ताने सुरुवात केली, श्याम थापाने दोन मारले, रणजित मुखर्जी एक, शुभंकर सान्याल एक. थापाने वर एक पेनल्टी घालवली, नाहीतर सहा झाले असते. पी. के. बॅनर्जी कोच होते आणि त्या काळात ईस्ट बंगाल कलकत्ता लीग सलग सहा वर्षं जिंकत होती, त्यामुळे जिंकणार हे वाटत होतंच, पण पाच? इतक्या वर्षांत डर्बीमध्ये यापेक्षा मोठा विजय झालेला नाही. त्या रात्री बागानचे काही खेळाडू लोकांच्या भीतीने गंगेत होडीवर जाऊन राहिले म्हणतात, आणि एका समर्थकाने तर जीव दिला. हे शेवटचं वाचताना हसू येत नाही.

पण या मॅचमधला मला आवडणारा माणूस हरलेल्या बाजूचा आहे. बागानच्या गोलमध्ये भास्कर गांगुली नावाचा तरुण पोरगा होता, त्याने चार खाल्ले आणि त्याला मॅच चालू असतानाच बाहेर काढलं. संपला म्हणाले असतील लोक. तर पुढच्याच सीझनला हा ईस्ट बंगालमध्ये, ज्यांनी चार मारले त्यांच्याच गोलमध्ये, आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडला भारताचा कॅप्टन. पुण्याच्या वाचकांनी हा परिच्छेद कापून ग्रुपवर टाकावा.

फायनल जिंकल्यावर कोळंबी की हिलसा, नक्की कोणाचं काय?
(एक वाचक, रत्नागिरी)

रत्नागिरीकर मासळीचंच विचारणार! कोळंबी म्हणजे चिंगडी बागानची, हिलसा म्हणजे इलिश ईस्ट बंगालची. बागानवाले मूळचे पश्चिम बंगालचे, घोटी. ईस्ट बंगालवाले पूर्व बंगालातून आलेले, बांगाल, त्यांच्याकडे पद्मेचा हिलसा. ईस्ट बंगाल क्लब निघाला तोच १९२० मध्ये, जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या मॅचमधून शैलेश बोस नावाच्या खेळाडूला वगळलं, तो पूर्व बंगालचा म्हणून वगळलं असं त्याच्या बाजूच्यांना वाटलं, त्या रागातून.

आता मैदानावर मात्र ना घोटी ना बांगाल. अपुइया मिझोरामचा, ईस्ट बंगालचा महेश मणिपूरचा, बागानचा लिस्टन कोलासो गोव्याचा, कैथ हिमाचलचा. मासळीचं भांडण फक्त स्टँडमध्ये उरलंय. तुमचं विचाराल तर तुम्ही दोन्ही खा, तुम्हाला कोण अडवतंय.

दहा जणांनी खेळून डर्बी फायनल कोणी जिंकली आहे का? आमच्या टीमचा एक जण रेड कार्डवर गेला की सगळे खांदेच पाडतात.
(एक वाचक, मडगाव)

जिंकली आहे, फार जुनी गोष्ट पण नाही. ३ सप्टेंबर २०२३, ड्युरंड कप फायनल, सॉल्ट लेक. बागानचा अनिरुद्ध थापा ६२ व्या मिनिटाला दुसरं यलो कार्ड घेऊन बाहेर. ०-० चालू होतं आणि ईस्ट बंगालवाल्यांना वाटलं झालं आपलं काम, त्याच स्पर्धेत तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी बागानला नंदकुमारच्या गोलवर हरवलंच होतं, साडेचार वर्षांनी डर्बी जिंकली होती, हवेत होते सगळे. ७१ व्या मिनिटाला बागानचा दिमित्री पेट्राटोस मैदानाच्या मध्यावरून बॉल घेऊन निघाला, समोरचे मागे मागे सरकत गेले, कोणी पुढे येऊन पायच घातला नाही, आणि त्याने बॉक्सच्या बाहेरूनच ठेवून दिला. १-० आणि बागानचा सतरावा ड्युरंड.

दहा जणांची टीम काय करते, तर मागे गोळा होऊन बसते आणि एका पळणाऱ्या माणसाला वर सोडते. अकरावाल्यांना वाटतं आता आपणच अटॅक करायचा, सगळे पुढे जातात, मागे रान मोकळं. तुमच्या पोरांना हीच क्लिप दाखवा. आणि मडगावच्या वाचकाने ईस्ट बंगालला हसू नये असं मी म्हणणार होतो पण तुम्हाला हक्क आहे, डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्याच फातोर्ड्याला सुपर कपची फायनल ०-० राहून एफसी गोवाने पेनल्टीवर ६-५ ने ईस्ट बंगालच्याच हातून काढून घेतली. दोन महिन्यांत दोन फायनल, दोन्ही शूटआऊटमध्ये. त्या क्लबमध्ये कोणी आता पेनल्टी हा शब्द काढत नसेल.

पुढच्या डर्बीला कोलकात्याला जायचा विचार आहे. आम्ही दोघं भाऊ, मी बागानचा, तो ईस्ट बंगालचा. एकत्र बसता येईल का?
(एक वाचक, ठाणे)

एकत्र बसून बघायची हौस असेल तर घरी टीव्हीवर बघा. दोन्ही बाजूंचे स्टँड वेगळे असतात आणि ते उगाच नाही, १६ ऑगस्ट १९८० ला ईडनवर याच डर्बीत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले. तेव्हा तिकीट काढताना स्टँड कोणाचा ते बघून काढा, आणि बागानचा हिरवा-मरून शर्ट घालून ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्यात शिरू नका, भाऊ सोबत असला तरी तो तिथे तुम्हाला ओळख दाखवणार नाही. हावड्याला उतरलात तर आता ग्रीन लाइन मेट्रो थेट सॉल्ट लेक स्टेडियमला जाते, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, मॅचच्या दिवशी बायपासवर गाडी जागची हलत नाही.