सात वर्षं थांबायला तुम्हाला कोणी सांगितलं?

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. यजमान फ्रीलान्स व्हिडिओ पत्रकार. एका परदेशी वृत्तसंस्थेच्या कामावर लढाईच्या भागात गेले. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीवर तोफेचा मारा झाला. दुभाषी जागीच गेला, ड्रायव्हर जखमी होऊन वाचला, यजमानांचा पत्ता नाही. (देश कोणता, युद्ध कोणतं ते मी गाळलं आहे. इंदूरच्या मराठी वस्तीत कोण कोणाचं हे कळायला दोन फोन पुरतात.) ताई विचारतात, "सात वर्षांनी कायदा माणसाला मृत मानतो असं सगळेच सांगतात. तोवर थांबून मग विम्याचा क्लेम केला तर चालेल ना? मध्ये हप्ते भरायचे राहिले आहेत."

ते शेवटचं वाक्य तुम्ही दूधवाल्याचा हिशेब राहिला अशा सुरात लिहिलंय. ताई, चार पानांतलं सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे.

"सात वर्षं" हे प्रकरण वकील म्हणून मला नवं नाही. जहाजावरून नाहीसा झालेला मुलगा, घरातून निघून गेलेले सासरे, सगळ्यांना कोणीतरी हाच आकडा दिलेला असतो. आपल्याकडे शास्त्रात बारा वर्षं वाट बघून पालाशविधी (पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार) करतात, पुरावा कायद्यात सात वर्षं आहेत, आणि वार्षिक हप्ता चुकला तर तो भरायला विमा कंपनी तीस दिवसांची सवलत देते. लोकांना पहिले दोन आकडे तोंडपाठ असतात. तिसरा कोणी वाचत नाही.

आता कायदा. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 108, तेच 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 111. माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, अशांना सात वर्षं खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करावं. बस, एवढंच. थांबा असं हे कलम कुठेही म्हणत नाही. आणि माणूस कधी गेला, हेही ते सांगत नाही.

तुम्ही अडकणार त्या दुसऱ्या गोष्टीत. सर्वोच्च न्यायालयानं 2004 साली एलआयसी विरुद्ध अनुराधा या निकालात हे साफ केलं. सात वर्षांच्या गृहीतकातून मृत्यू मानता येतो, मृत्यूची तारीख मानता येत नाही. नाहीसा झाला त्याच दिवशी गेला असं म्हणायचं असेल तर ते वेगळ्या पुराव्यानं सिद्ध करा, आणि गृहीतकावर विसंबायचं असेल तर तोवर हप्ते भरून पॉलिसी जिवंत ठेवा. त्या खटल्यातही पॉलिसी हप्त्यांअभावी बंद पडली होती.

तुमच्या आकड्यांत सांगतो. पॉलिसी 20 लाखांची, मुदत 20 वर्षं, वार्षिक हप्ते सहा भरलेले. मारा झाला तेव्हा सहावा हप्ता भरून जेमतेम तीन महिने झाले होते, म्हणजे त्या दिवशी पॉलिसी पूर्ण जिवंत होती. सातवा हप्ता यजमानांच्या खात्यातून परस्पर जायचा, खात्यात पैसे नव्हते, तो परत गेला. कंपनीची पत्रं तुम्ही न फोडता कपाटात ठेवलीत. का ठेवलीत ते समजतं, त्यांच्या नावाचं पाकीट फोडायला हात धजत नाही. पण हप्ता कोणीही भरू शकतो, त्याला विमाधारकाची सही लागत नाही. सात वर्षांनी तुम्ही गृहीतकावर क्लेम केलात तर कंपनी म्हणेल पॉलिसी पेडअप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच रक्कम, वीसपैकी सहा हप्ते, म्हणजे 6 लाख आणि जमा झालेला बोनस. मृत्यू माऱ्याच्या दिवशीचा ठरला तर 20 लाख आणि बोनस. फरक चौदा लाखांचा आहे, आणि तो एका तारखेवर आहे.

एजंटानं "रिवायव्हल करून घेऊ", म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करू, म्हटलं आहे, त्याच्या नादी लागू नका. रिवायव्हलला विमाधारकाची सही आणि तब्येतीचं डिक्लरेशन लागतं. एका हातानं ते गेले म्हणून क्लेम आणि दुसऱ्या हातानं ते धडधाकट आहेत म्हणून रिवायव्हल, हे दोन्ही कागद एकाच फायलीत गेले की तुमचा दावा कंपनीचा वकील तुमच्याच कागदांवर पाडेल.

म्हणून थांबायचं नाही. प्रेत मिळालं नाही म्हणून मृत्यू सिद्ध होत नाही असा काही नियम नाही. केदारनाथच्या 2013 च्या पुरात बेपत्ता झालेल्यांचे दाखले सरकारनं सात वर्षं न थांबता दिले, कारण परिस्थितीच बोलत होती. तुमच्या प्रकरणात परिस्थितीबरोबर एक जिवंत माणूसही आहे, तो ड्रायव्हर. गाडीत कोण कुठे बसलं होतं, मारा किती वाजता झाला, त्यानं शेवटचं काय पाहिलं, हे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या, तिकडच्या नोटरीपुढे, अपॉस्टिलसह (कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का). नंतर त्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनं किंवा कोर्टाकडून साक्ष नोंदवायला कमिशन नेमून घेता येईल. वृत्तसंस्थेकडे अशा घटनेचा अंतर्गत सुरक्षा अहवाल बहुधा असतो. मागा. देणार नाहीत, पुन्हा मागा, लेखी मागा.

आणि तो फोन. यजमानांचे शेवटचे व्हॉट्सॲप मेसेज आणि लोकेशन ज्या फोनवर होतं, तो तुम्ही गेल्या दिवाळीत जेल रोडवर एक्स्चेंजमध्ये दिलात. हे वाक्य मी तीनदा वाचलं. आता बॅकअप कुठे राहिला आहे का ते बघा, तेच मेसेज ग्रुपवर इतर कोणाला गेले होते का ते विचारा, आणि ज्याच्या यंत्रावर सापडतील त्याच्याकडून साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, प्रमाणपत्र घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन माझ्या ऑफिसात येणारे रोज असतात.

तुमच्या दिरांना माऱ्यानंतर दोन महिन्यांनी अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला, "आवाज दादासारखा वाटला", आणि लाइन तुटली. हे कोर्टापासून लपवायचं का, असं तुम्ही आडून विचारलं आहे. लपवायचं नाही. तुमच्याच घरातला कोणीतरी उलटतपासणीत बोलून जाईल आणि मग ड्रायव्हरच्या साक्षीवरचाही विश्वास जाईल. दिरांनी जे ऐकलं ते तसंच सांगावं, तेवढंच सांगावं.

शिवाय त्या फोनकडे मी दुसऱ्या कारणानंही दुर्लक्ष करणार नाही. युक्रेनमध्ये मार्च 2022 मध्ये छायाचित्रकार माक्स लेव्हिन यांचा संपर्क तुटला आणि 1 एप्रिलला कीव्हजवळ त्यांचा मृतदेह सापडला. तिथं तीन आठवड्यांत उत्तर मिळालं. युक्रेनच्याच पत्रकार व्हिक्टोरिया रोशचिना ऑगस्ट 2023 मध्ये बेपत्ता झाल्या. त्या आपल्या कोठडीत आहेत हे रशियानं कित्येक महिन्यांनी मान्य केलं. सप्टेंबर 2024 मध्ये त्या कैदेत मरण पावल्या, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये परत आलेल्या मृतदेहांत त्यांचा देह "अनोळखी पुरुष" अशा नोंदीखाली होता. ओळख डीएनएनं पटली. बेपत्ता या एका शब्दात हे दोन्ही प्रकार बसतात, आणि तुमचा कुठला ते आज मी इंदुरात बसून सांगू शकत नाही.

त्यामुळे शोधाचं काम दाव्याच्या बरोबरीनं चालू द्या. भारतीय रेडक्रॉसमार्फत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे शोधविनंती द्या, परराष्ट्र मंत्रालयाला आणि तिथल्या आपल्या दूतावासाला लेखी कळवा. सासूबाई आणि मुलाचे डीएनए नमुने कुठे, कसे द्यायचे ते दूतावासाला आत्ताच विचारा. सासूबाईंचं वय 78 आहे, हे मी का लिहितोय ते तुम्हाला कळेल. इराकमधल्या मोसुलमध्ये 2014 साली नाहीशा झालेल्या 39 भारतीय कामगारांबद्दल मार्च 2018 मध्ये संसदेत निश्चित सांगता आलं ते नातेवाइकांच्या नमुन्यांमुळे. आणि रेडक्रॉसचं "माग लागला नाही" हे उत्तरही पुराव्यात जातं.

पोलिसांत तुम्ही गेलाच नाहीत. "लढाई तिकडे, इथला थाना काय करणार?" काहीच करणार नाही, ताई. पण गुम इंसान म्हणून नोंद झाली असती तर तुम्ही कधीपासून शोधताय याचा एक सरकारी कागद झाला असता. आता द्या, उशिराचं कारण खरं लिहून द्या. हद्दीचा वाद काढला तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज पाठवा, 2021 पासून इंदुरात आयुक्तालय आहे. बँकेलाही हा कागद लागेल. बेपत्ता खातेदारांबद्दल रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, छोट्या रकमा कोर्टाशिवाय पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्रावर देता येतात. तुमच्या बँकेची मर्यादा किती ते शाखेत विचारा.

आता मुदत, कारण इथं तुम्ही खरोखरच काठावर आहात. मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 44 म्हणतो, विम्याच्या रकमेचा दावा मृत्यूच्या तारखेपासून तीन वर्षांत. मृत्यू माऱ्याच्या दिवशी झाला असं आपणच म्हणणार, म्हणजे तीन वर्षं होऊन गेली. वाचवणारे शब्द त्याच अनुच्छेदात पुढे आहेत: किंवा क्लेम नाकारला असेल तर नाकारल्याच्या तारखेपासून. तुम्ही अजून क्लेमच केला नाही, म्हणून नकारही नाही. एका परीनं तुमच्या आळसानं इथं तुम्हाला वाचवलं, पण त्यावर आणखी भार टाकू नका. ड्रायव्हरचं प्रतिज्ञापत्र हातात आलं की मृत्यूची तारीख स्पष्ट लिहून क्लेम दाखल करा, पोच घ्या. कंपनी बहुधा "कोर्टाचा आदेश आणा" असं उत्तर देईल. तो नकार आहे की नुसती मागणी, यावर पुढे वाद होईल, म्हणून "क्लेम मंजूर की नामंजूर" एवढं लेखी विचारा.

मग जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा. फक्त "मृत घोषित करा" एवढंच मागू नका. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 34 सांगतं की पुढची दाद मागता येत असून मागितली नाही तर नुसती घोषणा मिळत नाही. विमा कंपनीला प्रतिवादी करा, रक्कमही मागा. सरकारी अधिकारी प्रतिवादी असतील तर आधी दोन महिन्यांची नोटीस. दाव्यात हेही लिहून ठेवा की सात वर्षांनंतर कलम 111 खाली मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे. पहिला दावा पुराव्याअभावी हरलात तर तो रस्ता माझ्या मते बंद होत नाही, पण हे मत आहे, खात्री नव्हे. वेळ किती लागेल विचारू नका. अशाच एका दाव्यात परदेशी प्रतिवादीवर समन्स बजावण्यातच माझे अकरा महिने गेले, आणि त्यातल्या दोन तारखा न्यायाधीश रजेवर म्हणून.

बाकीचं थोडक्यात. प्रवास विमा आणि पॉलिसीवरचा अपघात रायडर (अपघाती मृत्यूसाठीची जादा जोड) यांत युद्धाचा अपवाद जवळजवळ नेहमी असतो, आयुर्विम्याच्या मूळ रकमेत सहसा नसतो. तरी तुमच्या पॉलिसी बाँडचं मागचं पान मला पाठवा. वृत्तसंस्थेशी ईमेलवर झालेल्या करारात "स्वतःच्या जोखमीवर" असे शब्द असणारच. त्यातून काही निघतं का ते करार पाहिल्याशिवाय बोलणार नाही. हा युद्धगुन्हा आहे का असं मुलानं विचारलं आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या जोड-करारात पत्रकार नागरिकच मानले आहेत, पण तो भारतानं स्वीकारलेला नाही, आणि स्वीकारला असता तरी इंदूरच्या कोर्टात त्यावर विम्याचा दावा चालला नसता.

सासूबाईंना मात्र एवढं सांगा की दाव्यात "मयत" लिहिलं म्हणून कोणी मरत नाही. ते उद्या दारात उभे राहिले तर आदेश रद्द होतो, पैसे परत करावे लागतात, आणि ते तुम्ही आनंदानं कराल. ड्रायव्हरचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला असेल, तर दुभाष्याच्या घरच्यांकडे तो नक्की असेल. त्यांना आज लिहा.