रुसवा नवऱ्यावर, उपवास मुलांना

प्रिय मावशी,

मी तारकर्ली-देवबागच्या बाजूला राहते. घराला लागूनच आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगा गेम आणि डबलबारी भजनांच्या व्हिडिओंमध्ये बुडालेला, मुलगी रील्समध्ये. आणि हे! जेवतानाही बुकिंग बघतात, बुकिंग बघून झालं की तसंच काहीतरी सरकवत बसतात. मी बोलले तर नुसतं 'हं'. परवा मला ताप होता, तो ह्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळला.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद होतात, हे वाचून मी ठरवलं, आपल्याकडे दर रविवारी मोबाईलचा उपवास. सगळ्यांचे फोन कपाटात टाकले. ह्यांचा नाही, कारण धंदा. सासूबाईंचा महाएपिसोड बंद केला तर म्हणाल्या, "आता ह्या वयात माझ्या सिरियलीक पण कुलूप घालतंस?" मुलं पाहुण्यांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन त्यांच्या पोरांच्या फोनमध्ये डोकं घालून बसली. दुसऱ्या रविवारी मुलाने आदळआपट केली. तेव्हापासून त्याचा फोन माझ्या कपाटात आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. तौक्ते वादळाच्या वेळी वीज नव्हती तेव्हा आम्ही रोज रात्री किती गप्पा मारायचो. मला तेच परत हवंय. माझं काय चुकलं?

– एक सूनबाई

बाय माझे,

तुझ्या पत्रात मुलांच्या मोबाईलवेडाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आलंय. ताप आलेला नवऱ्याला कळला नाही, ही ओळ तू घाईघाईत मध्येच सरकवून दिलीस, पण मला विचारशील तर पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. रुसलीस नवऱ्यावर आणि नियम लावलास मुलांना, म्हाताऱ्या सासूला. त्यातून सुटला एकटा तोच. तेरा वर्षांच्या पोराला बाकी काही कळो न कळो, घरात सूट कोणाला मिळते हे बरोबर कळतं. त्याने आदळआपट केली ते मला आवडलं नाही, पण त्याचा राग मला समजतो.

वडगावचं उदाहरण चांगलं घेतलंस, फक्त अर्धंच घेतलंस. कोरोनात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून 2022 मध्ये त्या गावाने ग्रामसभेत हा विषय घेतला आणि ठरवलं. सुरुवातीला लोक दाद देईनात, तेव्हा आशाताई, अंगणवाडीताई घरोघर फिरल्या. देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजतो, दीड तास सगळं बंद, मग पुन्हा सुरू. म्हणजे आधी सगळ्यांना विचारलं, आणि मागितला तो दीड तास. तू कोणाला न विचारता अख्खा दिवस मागितलास, तोही रविवार! होमस्टेवाल्यांच्या घरात रविवारी कोणाला उसंत असते? जुने पाहुणे निघतायत, चादरी बदलायच्यात, कोणीतरी जाता जाता सुरमईची थाळी मागतंय. त्यात घरातली दोन पोरं रिकामी आणि चिडलेली. ती पाहुण्यांच्या पायरीवर जाऊन बसणारच.

आता तौक्तेचं. मे 2021 मधलं ते वादळ आपल्या किनाऱ्यावर कोणी विसरलेलं नाही. कौलं उडाली, माड आडवे झाले, कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. तुमच्या गप्पा झाल्या असतील, त्या गोडही असतील. पण फोन बंद होता म्हणून तुझा नवरा बोलत होता असं मला वाटत नाही. कोरोनामुळे पर्यटक नव्हते, त्यामुळे बघायला बुकिंगच नव्हतं. दिवसभर दोघांनी मिळून घर सावरलं असेल आणि पुढे कसं होणार ही धास्ती दोघांना सारखीच होती, म्हणून रात्री बोलायला विषय होता. आता खोल्या चालतात, पण धास्ती गेली असेल का? मे महिन्यात आणि दिवाळी-नाताळात जे मिळतं त्यावर अख्खा पावसाळा काढायचा. त्यात कोणी एकाने सोलकढी पातळ होती म्हणून एक तारा देऊन जायचं. तो माणूस जेवताना फोन बघतो तेव्हा नेमकं काय बघतो, हे कधी विचारलंस?

त्याची वकिली करत नाहीये. बायको तापाने फणफणलीय आणि नवऱ्याला पत्ता नाही, याला कुठलंच बुकिंग सबब होऊ शकत नाही. म्हणूनच ते त्याला सरळ सांग. दोघंच समुद्रावर जा. (किनाऱ्यावर राहणारी माणसं वर्षानुवर्षं पाय भिजवायलाही जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी जा.) आणि म्हण, "मला ताप होता आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही, ते मला फार लागलं." एवढंच म्हण. मोबाईल, रील्स, मुलांचे डोळे, वडगाव यातलं काही काढू नकोस. ते काढलंस की तो हुश्श करून मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलायला लागेल आणि तू राहशील बाजूला.

हे बोलणं झाल्याशिवाय घरात नवा नियम करू नकोस. झालं की मग वेळ छोटी धर. पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर तुम्ही पाचजण पानावर बसता, तो पाऊण तास पुरे. धंद्याची अडचण सुटण्यासारखी आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर ठरावीक वेळेला आपोआप उत्तर जाईल अशी सोय असते, 'दहानंतर कळवतो' असं लिहून ठेवायचं. मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना एका साध्या बटणाच्या फोनचा नंबर द्या, काही नड लागली तर ते करतील. बाकी पाऊण तासाने कोणाचं बुकिंग बुडत नाही. आणि नवऱ्याचा फोन पहिला खाली ठेवला जाईल. ही अट सुटली तर बाकीचं सगळं सोडून दे, मुलांच्या मागे लागू नकोस.

सासूबाईंची सिरियल आधी चालू कर बघू. ती बाई दिवसभर स्वयंपाकघरात तुझ्या हाताखाली असेल, तिला संध्याकाळी बसायचं दुसरं ठिकाण कोणतं आहे? एखाद्या रविवारी तिच्या शेजारी बसून महाएपिसोड बघ. कुठली सून किती खाष्ट आहे यावर तिची मतं ऐक, कामाला येतील.

मुलीचं सोपं आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. नऊ वर्षांची पोर अजून तुझं ऐकते, तेवढं सांभाळ.

मुलाबद्दल मात्र तू एक सोन्यासारखी गोष्ट लिहिलीस आणि तुझ्या लक्षातच आली नाही. तो डबलबारी बघतो! आजचं कुठलं पोर आपणहून दोन बुवांची जुगलबंदी बघत बसतं? आपल्याकडे वाडी-वाडीत भजनी मंडळं आहेत, गणपतीच्या आधी तालमी रंगतात. त्याला तिथे नेऊन पखवाजवाल्याच्या शेजारी बसव. हात बसायला लागला की संध्याकाळचे दोन तास फोनला कोण विचारतो. घरी ठाकठूक करून तो तुमचे कान किटवेल, ते सोसायची तयारी ठेव. झोप उडणं, शाळा बुडवणं, जेवणावरचं मन जाणं, फोन काढला की अंगावर धावून येणं असलं काही दिसत असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.

त्याचा फोन कपाटातून काढून आजच त्याच्या हातात दे. देताना भाषण नको. बाबांना सूट दिली ते बरोबर नव्हतं, एवढं कबूल कर आणि त्या पाऊण तासाचे नियम काय असावेत ते त्यालाच विचार. पहिली अट तो बापावरच घालेल. घालू दे.

– तुझी मावशी